चावण्याआधीचा क्षण

अंगणवाडीत खिचडीचा वास सुटल्यापासून ताटल्या मांडेपर्यंतची वेळ सगळ्यात अवघड. भूक लागलेली असते, गाणी म्हणून झालेली असतात, हाताला काम नसतं. ठोकळ्यांवरून झोंबाझोंबी होते ती याच वेळी. कुणी कुणाला चावलंच, तर तेही बहुधा याच वेळी.

मी भिंतीला टेकून वही घेऊन बसले होते. सेविकाताई म्हणाल्या, "चावलं ते सगळेच बघतात. त्याच्या आधी काय झालं ते बघा."

बघितलं. तीन वर्षांचा एक मुलगा ठोकळ्यांची गाडी करत होता. शेजारच्या मुलीने त्यातला एक ठोकळा उचलला. त्याने तिचा हात बाजूला केला. तिने पुन्हा हात घातला. त्याने वळून ताईंकडे पाहिलं, पण त्या दाराशी कुणाच्या तरी आजीशी बोलत होत्या. मग दात. तोंडातून एक शब्दही नाही.

ताई आधी मुलीकडे गेल्या. दंड पाण्याने धुतला, तिला मांडीवर घेतलं. तिचं रडं ओसरल्यावर मुलाला म्हणाल्या, "चावायचं नाही, तिला दुखतं. 'माझं आहे, दे' असं म्हणायचं. म्हण बघू." तो पुटपुटला. 'सॉरी म्हण' हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी कारण विचारलं. "सॉरी म्हणायला पोरं लगेच शिकतात हो. सॉरी म्हणतात आणि परत चावतात."

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा लहानपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं, चावणं यांचं प्रमाण साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वाधिक असतं आणि पुढे बहुतेकांच्या बाबतीत ते उतरत जातं, असं त्यांना आढळलं. मारणं शिकावं लागत नाही, न मारणं शिकावं लागतं, हा त्यांचा निष्कर्ष. 'हा कुणाचं बघून शिकला' म्हणून सुनेकडे रोखून बघणाऱ्या सासवांना तो कुणीतरी कळवायला हवा.

न्यायला आलेल्या आईचं ठरलेलं वाक्य, "घरी नाही हो असं करत." दुसरीचं नेमकं उलटं: इथे गुणी, घरी पाऊल टाकताच भोकाड. दोघी खरंच सांगत असतात. जागा बदलली की मूल बदलतं. कोसबाडला बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. त्यामुळे मूल त्याच्या नेहमीच्या माणसांत आणि धुळीत बघायला मिळालं, हा त्याचा मला वाटणारा मोठा फायदा.

चांगलं वागणं टिपणं चावणं टिपण्याहून कठीण, कारण ते आवाज करत नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००६ सालच्या प्रयोगात अवघ्या १८ महिन्यांची मुलं, मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू कुणी न सांगता, बक्षिसाशिवाय उचलून देत होती. इथेही तेच दिसत होतं. एकीने सांडलेलं पाणी स्वतःच्या फ्रॉकने पुसलं आणि वर ओरडा खाल्ला. रडणाऱ्या मुलाजवळ एक जण आपली मळकी बाहुली ठेवून गेला. रडणाऱ्याला बाहुली नको होती, आई हवी होती. पण आपल्याला जे बरं वाटतं तेच दुसऱ्याला द्यायचं, एवढंच त्याला सुचलं असावं. वजन-उंचीच्या नोंदी ताई नेमाने ठेवतात. ही बाहुली लिहायला रजिस्टरात रकाना नाही.

त्या अवघड वेळेवर ताईंनी उपाय काढला. ताटल्या वाटायचं काम चावणाऱ्या मुलाला दिलं. पहिली ताटली त्याने स्वतःपुढे ठेवली, मग ऐटीत सगळ्यांना वाटत सुटला. त्या दिवशी कुणी कुणाला चावलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ताटल्या मीच वाटणार म्हणून चौघं एकाच ढिगाला लोंबकळली आणि मदतनीस मावशी खिचडीचा डाव हातात घेऊनच पाळ्या लावायला धावल्या.