वाघ्याची शाळा

जून महिन्यातील पहिल्याच मोठ्या पावसात, टिळकवाडीतील आमच्या घरासमोरच्या गटाराकाठी दीड-दोन महिन्यांचे एक तांबूस पिल्लू कुडकुडत बसलेले नातवाला दिसले आणि ते सदऱ्याखाली घालून त्याने सरळ स्वयंपाकघरात आणले. मुधोळ आम्हां बेळगावकरांना परके नाही; घोरपडे संस्थानिकांनी नावारूपास आणलेल्या तेथील सडपातळ शिकारी कुत्र्यांची कीर्ती आपल्या सैन्यापर्यंत पोचली आहे. आमचा वाघ्या मात्र निखळ गावठी. तथापि गावठी कुत्रे शिकत नाही ही समजूत खोटी आहे, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

या अनुभवाचा आरंभ माझ्याच चुकीपासून आहे. तीस वर्षे मुले शिकविणाऱ्या माणसाला एक कुत्रे शिकविणे ते काय, अशा तोऱ्यात मी होतो. संध्याकाळी शाळेतून परतलो, की वाघ्याने दिवसभरात कोठे काय करून ठेवले याचा अहवाल मिळे. मी त्याला मानेला धरून त्या जागी नेई, नाक टेकवी, छडी उगारी. पंधरा दिवसांत एवढेच साधले, की फाटकाची कडी वाजताच तो पलंगाखाली दडू लागला.

"बघ, गुन्हा केल्याचं त्याला कळतं," मी म्हणालो.

"अहो, गुन्हा कसला कळतोय! तुम्ही आलात, एवढंच कळतंय त्याला," सौभाग्यवती उत्तरली.

शाळेतील छडीला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. घरातील माझी छडी त्या एका वाक्याने सुटली. तसे पाहता हे मला ठाऊक असावयास हवे होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी 1904 साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पावलॉव्हने कुत्र्यांवरच प्रयोग केले होते. एखादा ध्वनी आणि अन्न यांची वारंवार सांगड पडली, की नुसत्या ध्वनीनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हा त्यांतील प्रसिद्ध निष्कर्ष. अध्यापनशास्त्राच्या परीक्षेत त्यावर मी चार पाने लिहिली होती! पण सकाळी केलेल्या घाणीचा संध्याकाळच्या माराशी कुत्र्याला संबंध जोडता येत नाही, एवढा साधा अर्थ काही त्यातून मी काढला नव्हता. शाबासकी असो वा खाऊ, तो कृतीपाठोपाठ, क्षणार्धात मिळाला पाहिजे.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला बाहेर नेऊन एकाच ठरावीक जागी उभे करावयाचे. तेथे विधी उरकला, की लगेच कौतुक. घरात काही झालेच, तर रागावणे नाही. निमूटपणे पुसून वास घालवावयाचा, कारण वास राहिला की ते पुन्हा तेथेच जाते. महिन्याभरात बैठक कोरडी राहू लागली.

'बस' शिकविण्याची युक्ती तर फारच सोपी. उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते, मागचा भाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी तुकडा द्यावा. धडा पाच मिनिटांचा, तोही जेवणापूर्वी; पोट भरलेला विद्यार्थी कोठलाही असो, डुलक्याच घेणार.

आमच्या घरची खरी अडचण निराळीच निघाली. मी 'बस' म्हणे, नातू 'सिट' म्हणे, आणि भांडी घासायला येणारी बाई 'कुंद्रु' म्हणे. वाघ्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत उभाच! सीमाभागातील माणसे तीन-तीन भाषा लीलया वापरतात, पण कुत्र्यावर तो भार कशाला? सर्वानुमते 'बस' ठरले. बाईही आता त्याच्याशी तेवढा एक शब्द मराठीत बोलते.

हे सारे सुरळीत चालले असता डिसेंबरात वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाच्या विजारीला त्याने दात लावला. पोटरीवर ओरखडा उमटला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलाला तत्काळ दवाखान्यात नेले. वाघ्याला तिसऱ्या महिन्यातच रेबीजची लस टोचलेली होती. तरी मुलालाही इंजेक्शने दिली. अशा बाबतीत 'बघू उद्या' म्हणू नये. घरमालकांनी बजावले, "महिन्याभरात याची सोय लावा, नाहीतर खोल्या सोडा." नातू त्या रात्री जेवला नाही.

तो मुलगा मोठा समंजस. माझ्या विनंतीवरून तो रोज रस्त्याच्या पलीकडे सायकल घेऊन उभा राही. इकडे वाघ्या दोरीने बांधलेला माझ्या हाती. त्याने मुलाकडे पाहिले आणि गुरगुरला नाही, तर अंड्याचा तुकडा. शांत राहिला, तरच दुसऱ्या दिवशी अंतर दोन पावलांनी कमी. गुरगुरला तर मात्र ओरडावयाचे नाही, फक्त मागे सरावयाचे. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती मारून दाबली, तर कुत्रे सूचना न देताच चावू लागते. महिना उलटून गेला तेव्हा कोठे मुलगा फाटकापाशी आला. त्याने स्वतःच्या हाताने तुकडा टाकला आणि वाघ्याने शेपूट हलवीत तो उचलला.

घरमालकांनी पुढे खोल्यांचा विषय काढला नाही. मात्र भाडे न्यावयास येताना ते अजून हातात काठी घेऊन येतात, आणि ती दिसताच वाघ्या उठून पलंगाखाली जाऊन बसतो.