उंची मोटारीची दर्शनी काच

सिंधीपुऱ्यातील मोटारप्रेमी मंडळींपैकी ज्यांच्या उंची गाडीच्या पुढच्या काचेस, इंदूर-इच्छापूर रस्त्यावर मालमोटारीच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने तडा गेला असेल, त्यांस निवेदन की ही काच म्हणजे केवळ वाऱ्याचा आडोसा नव्हे. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा दाबून सिद्ध होणाऱ्या या रचनेचे पेटंट फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांनी १९०९ साली मागितले. आज तीच काच अपघातसमयी छतास आधार देते आणि चालकाशेजारच्या आसनापुढील एअरबॅगेस पाठबळ पुरवते. ज्या मोटारींत वेगाचे आकडे काचेवर उमटतात, त्यांतील पापुद्रा पाचरीसारखा एका बाजूस जाड असतो, म्हणून स्वस्ताईच्या मोहाने साधी काच बसविल्यास आकडे दुहेरी दिसू लागतात. आणि ज्या मोटारींत काचेमागे कॅमेरा असतो, त्यांत नवी काच बसविल्यावर त्याचे कॅलिब्रेशन टाळणे हा तर माझ्या मते शुद्ध अविचार होय. काच चिकटविणारा युरेथेन डिंक पक्का होण्यास उत्पादकाने नेमून दिलेला अवधी संपेपर्यंत गाडी हलवू नये. विम्यात काचेच्या भागांवर सामान्यतः घसारा कापला जात नाही, परंतु दाव्यामुळे नो क्लेम बोनस गमवावा लागू शकतो. सबब अर्ज दाखल करण्यापूर्वी पॉलिसीच्या शर्ती अवश्य वाचाव्यात.