थेंबांची हद्द

पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, की रोग्याचे वय वा लक्षण यांपैकी काहीही न सांगता 'डोळ्यांचे थेंब द्या' अशी मागणी करणारा गृहस्थ आणि तितक्याच निर्विकारपणे सिप्रोफ्लॉक्सॅसिनची वा मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची बाटली पुढे सरकवणारा औषधविक्रेता, हे दृश्य आपल्याकडे इतके नित्याचे झाले आहे, की 1945 च्या औषध नियमावलीनुसार या मालाच्या विक्रीस डॉक्टरांची चिठ्ठी लागते, याचे स्मरण त्या दोघांपैकी कोणासही राहत नाही.

लाल डोळ्यावर प्रतिजैविक हाच इलाज, ही समजूत या व्यवहाराच्या मुळाशी आहे. वस्तुतः साथीने येणारे डोळे बहुतांशी विषाणूंमुळे येतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाची मात्रा चालत नाही. 1969 साली घानात उद्भवलेली आणि मनुष्य चंद्रावर उतरल्याचे ते वर्ष असल्यामुळे 'अपोलो' म्हणून ओळखली गेलेली, तीच पुढे 1971 मध्ये बंगालात 'जय बांगला' या नावाने गाजलेली नेत्रसाथ विषाणूचीच होती. असा रोग आपल्या गतीने ओसरतो. श्रेय मात्र बाटलीच्या पदरी पडते. पिवळट, दाट चिपडे येऊन सकाळी पापण्या चिकटल्या, त्यातही रोगी लहान मूल असले, तर जिवाणूंचा संशय अधिक. तेथे थेंबांचा उपयोग आहे, पण सौम्य दुखणे पुष्कळदा आपोआपही बरे होत असल्याने तो बहुधा बरे होण्याची मुदत थोडी कमी करण्यापुरताच. (डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने साथ लागते, या समजुतीला काय म्हणावे! साथ पसरते ती हात, टॉवेल आणि उशीचा अभ्रा यांच्यामार्फत. काळ्या चष्म्याने फार तर रोग्याला उजेडाचा त्रास कमी होतो.)

याहून घातक गैरसमज असा, की ज्या थेंबांनी लाली झपाट्याने उतरते ते थेंब उत्तम. अनेक बाटल्यांत प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते आणि लाली उतरते ती मुख्यतः त्याच्या करामतीने. भाताच्या कापणीत वा उसाच्या फडात पात्याचा ओरखडा बुबुळाला लागला आणि त्या जखमेत बुरशी शिरली, तर प्रतिजैविक तिला रोखत नाही आणि स्टेरॉइड तिला मोकळे रान देते. वरवर डोळा निवळल्यासारखा दिसत असताना आत व्रण खोल जात राहतो आणि अखेर बुबुळावर फूल पडून दृष्टी कायमची अधू होते. नागिणीच्या जातीच्या विषाणूने झालेल्या बुबुळाच्या व्रणातही स्टेरॉइडने असाच अनर्थ ओढवतो. शिवाय तीच बाटली महिनोन् महिने चालू ठेवल्यास काचबिंदूचे आणि मोतीबिंदूचे भय आहेच. चिठ्ठीचा आग्रह धरायचा तो मुख्यतः यासाठी.

थेंब जास्त घातले की गुण लवकर येतो, हेही खरे नव्हे. पापणीच्या आत एका थेंबापुरतीही जागा जेमतेम असते. दुसरा थेंब गालावर ओघळतो. खालची पापणी अलगद ओढून एकच थेंब सोडावा, डोळा मिटावा आणि नाकालगतचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यात टिकते.

कानाचा न्याय थोडा निराळा आहे. सर्दीनंतर मुलाचा कान ठणकू लागला, तर पुष्कळदा विकार पडद्यापलीकडे, मध्यकर्णात असतो. पडदा शाबूत असेतोवर प्रतिजैविकाचे थेंब तेथे पोहोचतच नाहीत. उलट कर्णनलिकेच्या संसर्गात, तसेच पडदा फाटून दीर्घकाळ वाहणाऱ्या कानात, थेंबच पोटातल्या गोळ्यांहून सरस ठरतात, कारण रक्तामार्फत जितके औषध तेथे जाईल त्याच्या कितीतरी पट ते थेट जागेवर पडते. मात्र पू आधी टिपून घेतला पाहिजे. पुवाने भरलेल्या कानात घातलेला थेंब वरच तरंगतो. आणि पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन वा निओमायसिन घालणे म्हणजे अंतर्कर्णाला धोका पत्करणे होय. अशा वेळी डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिन वा ऑफ्लॉक्सॅसिन पसंत करतात. बाटलीवर 'डोळे आणि कान' असे दोन्ही छापलेले असले, तरी पडदा कसा आहे हे ती बाटली सांगू शकत नाही. गरम तेल घालण्याची आजीबाईंची चाल तर वाहत्या कानात सर्वस्वी वर्ज्य. थेंब घालण्यापूर्वी बाटली काही वेळ मुठीत धरून कोमट करावी. थंड थेंबाने गरगरते.

केवळ कानासाठी बनविलेले थेंब डोळ्यात घालू नयेत. डोळ्यांच्या थेंबांइतका निर्जंतुकपणा व सौम्यपणा त्यांत असेलच असे नाही. उघडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यावी, मग तीत निम्मे औषध शिल्लक का असेना. आणि डोळा नुसता लाल नसून दुखत असेल, उजेड सोसत नसेल, दिसणे अंधुक झाले असेल, किंवा रोगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा असेल, तर घरातली कोणतीही बाटली न उघडता त्याच दिवशी नेत्रवैद्यांकडे जावे.