नीलमुद्रण : हस्तनिर्मित छायाचित्र-प्रतीची प्रक्रिया आणि जतन

पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यात 'ब्ल्यूप्रिंट' हा शब्द आजही आराखडा या अर्थाने सर्रास वापरला जातो. ज्या प्रक्रियेमुळे तो रूढ झाला, ती मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून 'अमोनिया प्रिंट'मुळे मागे पडली. ही प्रक्रिया म्हणजे सायनोटाइप अर्थात नीलमुद्रण. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधली आणि ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांच्या चित्रांसाठी तिचा उपयोग केला. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्येच छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला होता. तेव्हा हा विषय महाविद्यालयांस परका नाही.

नीलमुद्रणात चांदीचे क्षार लागत नाहीत, म्हणून ते स्वस्त पडते. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड अशी दोन द्रावणे करतात. मंद दिव्याच्या प्रकाशात ती समप्रमाणात मिसळून ब्रशने कागदावर लावतात व कागद अंधारात वाळवतात. (फेरीसायनाइड हे नाव भयप्रद वाटले तरी हा क्षार स्थिर आहे; तीव्र आम्लापासून आणि अतिउष्णतेपासून तो दूर ठेवणे मात्र अनिवार्य आहे.) पिंपळे सौदागरमधील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर पिंपळाचे जाळीदार पान या कागदावर काचेखाली दाबून उन्हात ठेवले, तरी प्रयोग सिद्ध होतो. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण होते, ते फेरीसायनाइडशी संयोग पावते आणि प्रशियन ब्लू हे अविद्राव्य रंगद्रव्य धाग्यांत अडकून बसते. सावलीतला भाग पाण्याने धुऊन निघतो व पांढरा राहतो. अभियांत्रिकी आरेखनांत निळ्यावर पांढऱ्या रेषा दिसत, त्या याच कारणाने. कागदाची प्रकाशसंवेदना अल्प असल्याने प्रत सामान्यतः निगेटिव्हच्याच आकाराची निघते.

खरी अडचण धुण्याच्या पाण्याची आहे. प्रशियन ब्लू अल्कधर्मी माध्यमात टिकत नाही. त्याचे विघटन होऊन पिवळट-तपकिरी लोहसंयुग उरते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात प्रत फिकी पडल्यास दोष द्रावणाला दिला जातो, वस्तुतः तो पाण्याचा असू शकतो. पहिल्या धुण्यात थोडे व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल घातल्यास पुष्कळसा फरक पडतो.

हेच रसायन जुन्या संग्रहांच्या बाबतीत अधिक गंभीर ठरते. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वा यंत्रविभागांत जुनी निळी आरेखने असल्यास ती साध्या कागदपत्रांच्या नियमाने हाताळता येत नाहीत. कागद टिकावा म्हणून कॅल्शियम कार्बोनेटयुक्त वेष्टने सदिच्छेने वापरली जातात. निळ्या प्रतींना तीच घातक ठरतात. त्यांना उदासीन, कार्बोनेटविरहित कागदच योग्य होय. उजेडाने फिकट झालेली प्रत मात्र काही काळ अंधारात, हवा लागेल अशी ठेवल्यास बहुतांशी पूर्ववत निळी होते. अल्काने गेलेला रंग असा परत येत नाही.