काहाल अंतराली कोशिका
जठर व आंत्र (आतडे) यांच्या भित्तीतील, स्नायूंच्या आकुंचनाचा मूळ ताल निर्माण करणाऱ्या विशेषित कोशिका. हृदयाप्रमाणे पचन तंत्रातही गती सुरू करणारे ऊतक असते. म्हणून त्यांना ‘गतिप्रेरक कोशिका’ असेही म्हणतात. स्पॅनिश ऊतकवैज्ञानिक सान्त्यागो रामोन ई काहाल (१८५२–१९३४) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे वर्णन केले.

कार्य : या कोशिका स्नायूंच्या थरांमध्ये जाळ्याप्रमाणे पसरलेल्या असतात. त्यांच्यात उत्पन्न होणाऱ्या मंद विद्युत् तरंगांची संख्या दर मिनिटास जठरात सुमारे ३, ग्रहणीत सुमारे १२ व शेषांत्रात सुमारे ८ असते. प्रत्येक तरंगाबरोबर आकुंचन होतेच असे नाही; तंत्रिका व हॉर्मोने यांच्या प्रभावाने स्नायू उत्तेजित झालेले असल्यास ते होते. तंत्रिकांचे संदेश स्नायूंपर्यंत पोहोचविण्यातही या कोशिकांचा वाटा असतो.

विकृती : या कोशिका कमी झाल्यास अन्न पुढे सरकण्याची क्रिया मंदावते. दीर्घकालीन मधुमेहात जठर उशिरा रिकामे होणे आणि मंदगती बद्धकोष्ठ या विकारांत अशी घट आढळते.

या कोशिकांची वाढ ‘किट’ या ग्राही प्रथिनावर अवलंबून असते. त्याच्या जीनमधील उत्परिवर्तनामुळे कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन जठरांत्रीय आधारक अर्बुद (जिस्ट) उद्‌भवते, असे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले. शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार होय. पसरलेल्या अर्बुदावर जुनी कर्करोगविरोधी औषधे फारशी उपयोगी पडत नसत. किटची क्रिया रोखणारे इमॅटिनिब २००२ पासून अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले. प्रगत रोगात ते थांबविल्यास अर्बुद बहुधा पुन्हा वाढते. म्हणून ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून कर्करुग्ण येतात. अशा रुग्णांच्या दृष्टीने औषधाची किंमत निर्णायक ठरते. नोव्हार्टिस कंपनीचे इमॅटिनिब महिन्याला सुमारे १.२ लाख रुपयांना, तर भारतीय कंपन्यांचे सुमारे ८,००० रुपयांना मिळत असे. या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने मागितलेल्या एकस्वाला (पेटंटला) मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने व काही भारतीय कंपन्यांनी विरोध केला. चेन्नईच्या एकस्व कार्यालयाने २००६ मध्ये तो अर्ज फेटाळला व १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचे अपील नामंजूर केले. त्यामुळे भारतीय बनावटीचे स्वस्त औषध रुग्णांना मिळत राहिले.