चहातली गोळी

काही महिन्यांपूर्वी शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याची आई थांबून राहिली. ओढणीआडून गोळ्यांची पट्टी काढत हळूच म्हणाली, "टीचर, शेजारणीने दिलीय. चहात घातली की ह्यांची दारू सुटेल म्हणते. घालू?"

पट्टीवर नाव होतं डायसल्फिराम. औषध खरं आहे. 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला. पण ते चोरून द्यायचं नसतं. दारूपासून शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनतं आणि मग यकृत ते निकामी करतं. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवतं. वरून दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याचा जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला गोळीची खबरच नाही, तो सावध कसा राहणार?

आणखी दोन औषधं आहेत. नॅल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते. दारू थांबवल्यावर ती थांबलेली राहावी म्हणून ॲकॅम्प्रोसेट देतात. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. यकृत, मूत्रपिंड तपासून कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. सोबत समुपदेशनही लागतं.

दुसरी चूक रमजानच्या तोंडावर होते. चांद दिसला की "आजपासून बंद!" नियत नेक असते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमही होतो. म्हणून सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आपल्या घरांत दारू हराम, म्हणून तिचं नावही निघत नाही. लाजेपायी आजार लपतो आणि बायको एकटी पडते. तौबा मनाने करायची. शरीराला जडलेल्या सवयीसाठी मात्र दवा लागते. प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या रत्नागिरीतच आहे. तिथे जायचा संकोच वाटत असेल तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर आधी बोलता येतं.

त्या बाईने पट्टी चहात घातली नाही, नवऱ्यासमोर ठेवली. चार दिवस अबोला झाला. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेली. तपासण्या झाल्या, दारू थांबली आणि डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. आता रोज सकाळी तो ती गोळी स्वतःच्या हाताने, तिच्यासमोर घेतो.