भरलेला दंड पुन्हा मागितला तर

मरहूम वडिलांच्या नावाने पोलीस शिपाई दारात येतो आणि सांगतो, ‘जुन्या केसचा दंड बाकी आहे.’ दंड त्याच दिवशी कोर्टात भरला होता, हे अम्मीला पक्के आठवते. पण पावती सापडत नाही. शेजारी म्हणतात, ‘भरून टाका, कशाला कोर्टाची पायरी!’

भीतीपोटी दुसऱ्यांदा पैसे भरू नका. गप्पही बसू नका. वॉरंट आपोआप रद्द होत नाही. आधी कागद मागा. कोर्टाचे नाव, केस नंबर, निकालाची तारीख आणि रक्कम लिहून घ्या. ज्या कोर्टाने दंड केला, उत्तर तेथेच मिळते.

पावती हरवली तरी पुरावा संपत नाही. त्या कोर्टात निकालाची आणि रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागा. दंड जमा झाल्याची नोंद तपासण्यासाठी लेखी अर्ज द्या. नोंद मिळाली की वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. आदेश झाल्यावर त्याची नक्कल पोलीस ठाण्यातही द्या, नाहीतर तोच शिपाई पुन्हा येईल.

कायदाही माहीत असावा. दंडवसुलीची मुदत शिक्षा सुनावल्यापासून सहा वर्षे असते. कैद त्याहून मोठी असेल तर ती संपेपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७० मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्येही आहे. दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगली असेल, तर खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय कोर्ट सहसा वसुलीचे वॉरंट काढू शकत नाही.

दंड खरोखरच बाकी असेल, तर माणूस वारल्याने तो मिटत नाही. मागे राहिलेल्या मालमत्तेवर तो राहतो. मात्र त्यापायी वारसांना कैद होत नाही. म्हणूनच मय्यतीनंतर घर आवरताना कोर्टाचे कागद रद्दीत घालू नका. शाई पुसट होण्याआधी पावतीची झेरॉक्स काढा, फोटोही ठेवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, तेथे मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. रक्कम लहान असेल. पण मरहूमांच्या नावावर न राहिलेले देणे का राहू द्यायचे?